पुढून फुगा, मागून सपाट

आये, परवा टीव्हीवर माझी बाही दाखवली.

तू म्हणशील, टीव्ही म्हणजे काय गो. तू गेलीस तेव्हा आपल्या वाडीत रेडिओसुद्धा एकच होता आणि तोही थापट मारल्याशिवाय बोलत नव्हता. आता तुझा नातू महाडात मास्तर आहे. दोन खोल्यांचं बिऱ्हाड आहे, कौलांवर काठ्यांचा एक खराटा उभा केलाय, त्यातून म्हणे चित्र घरात उतरतं. वारा सुटला की चित्राला मुंग्या येतात, मग तो वर चढून खराटा फिरवतो आणि आम्ही खालून ओरडतो, आलं, गेलं, आलं. भातकापणी उरकून मी इकडे राहायला आलेय, नातीचं तोंड बघायला. नात म्हणजे तुझी पणती. तिच्याबद्दल सांगायला लागले तर बाही राहून जाईल, म्हणून ती पुढे.

तर परवा त्या टीव्हीत परदेशातल्या बाया आल्या. लांबच्या लांब फळी टाकलेली, दोन्ही अंगांना माणसं बसलेली, आणि एकेक बाई फळीवरून चालत पुढे येते, टोकाला थांबते, कंबरेवर हात ठेवते, गर्रकन वळते आणि परत जाते. एकीच्याही तोंडावर हसू नाही. सगळ्या जणी रुसून माहेरी निघाल्यासारख्या. एकीच्या अंगात घोट्यापर्यंत कोट, आपल्या इरल्यासारखा, फक्त पाऊस नाही. एकीचे खांदे इतके रुंद की भाताचा भारा ठेवला तर हात न लावता राहील. रंग सगळे पेंढ्याचे, गंजाचे, भिजल्या लाकडाचे. मी सुनेला विचारलं, एवढ्या श्रीमंत बाया आणि रंग असले का? ती म्हणाली, आई, तिकडे आता पानगळ आहे, थंडीच्या आधी दरवर्षी असे नवे कपडे काढतात आणि मग सगळं जग तेच घालतं. आश्विन-कार्तिकात पानगळ ऐकून मला गंमत वाटली. आपल्याकडे पानं गळतात ती शिमग्याच्या सुमाराला. आश्विनात तर शेत पिवळंधमक असतं. पण त्यांच्या झाडांशी भांडून काय उपयोग. खरं सांगू का आये, मला त्या बाया आवडल्या. चांगल्या ताठ चालत होत्या. कुणाच्या बापाला भीत नव्हत्या.

मग पांढऱ्या कपड्यातली एक आली. पुढे आली तेव्हा मी पीठ मळत होते, ते तसंच सोडून टीव्हीपाशी गेले. तिची बाही पुढून फुगलेली होती, टम्म, आणि ती वळली तर मागून सपाट. चुण्या सगळ्या पुढच्या अर्ध्या भागात, मागे एक नाही. पिठाच्या हातानं मी काचेला बोट लावलं आणि म्हटलं, ही माझी बाही. मुलगा हसायला लागला. म्हणाला, तुझी बाही परदेशी कधी गेली गो आये? मी म्हटलं, पोलादपूरच्या थांब्यावरून गेली, सगळ्या गाड्या तिथूनच जातात.

त्यांना हसू दे. त्यांना ठाऊक नाही. ठाऊक होतं ते तुला, म्हणून तुलाच लिहायला बसले. मुलाच्या शाळेचे कागद घेतलेत. मी तिसरीतून उठलेली, अक्षर अजून कोंबडीनं उकरल्यासारखं आहे, जोडाक्षर आलं की पेन अडतं. पण मला नीट लिहिता येत नाही आणि तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे आपलं दोघींचं जमायला हरकत नाही.

तुला थांबा आठवतो ना. बाबा गेल्यावर तू तुडीलचं घर सोडून माझ्याकडे राहायला आलीस, कारण मला भाऊ नाही आणि माझी सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. हे मुंबईला गोदीत. घरात आपण दोघी आणि माझे दोन मुलगे. पाऊस ओसरला की परसातल्या काकड्या टोपलीत भरून आपण पोलादपूरला गाडीतळावर बसायचो. मुंबईच्या गाड्या तिथं चहापाण्याला थांबायच्या, कारण पुढे कशेडीचा घाट, आणि घाटात पोटात काही असलेलं बरं असं निम्म्यांना वाटायचं, काही नसलेलं बरं असं बाकीच्यांना. तू काकडी चिरून मीठ-तिखट भरून पुढे करायचीस. मी बाया बघायचे. गाडीतून एकेक बाई उतरते, पदर सारखा करते, निऱ्या झटकते, नळापर्यंत चालत जाते, परत येते. नायलॉनच्या साड्या, बिनबाह्यांचे ब्लाऊज, पाठीवर नाडीची गाठ, बेलबॉटम घातलेल्या पोरी, ज्यांच्या मागून रस्ता झाडल्यासारखा दिसायचा. गणपतीला एक तऱ्हा, दसऱ्याला दुसरी. मुंबईत काय निघालंय ते तालुक्याच्या कपड्याच्या दुकानात यायच्या आधी मला ठाऊक असायचं. तू म्हणायचीस, "गिऱ्हाईक बघ गो, बाह्या काय बघतंस? बाह्या काय काकडी खातात?" आणि बघत तर तूही होतीसच. बिनबाह्यांची कुणी उतरली की तुझा सुरा हातात तसाच राहायचा.

ह्यांनी मुंबईहून जुनं हातमशीन आणलं त्या वर्षाची ही गोष्ट. मशीन गाडीच्या टपावरून उतरवताना तू म्हणालीस, आता काय मुंबईच्या बायका इथं शिवायला येणार? पण मला शिवायचंच होतं. वाडीतल्या बाया तोपर्यंत पोलकी शिवायला बाजारात टाकत, आणि तो टेलर माप घेताना हात अंतरावर धरायचा, टेप बाईच्या हातात देऊन म्हणायचा, तूच धर. का ते तुला सांगायला नको. त्यामुळे आपल्या बायांची पोलकी कायम ढगळ. मी मशीन घेतलं, बायांच्या अंगाला हात लावून माप घेतलं, वितीनं आणि बोटांनी, आणि महिन्याभरात वाडीतलं एकही पोलकं बाजारात गेलं नाही. ह्याचा तुला अभिमान होता. बोलली नाहीस, पण माझ्या मशीनवरची धूळ तूच पुसायचीस.

दसरा जवळ आला. दसरा म्हणजे आपल्या धम्माचा दिवस. वाडीतल्या सगळ्या बायांनी पांढरी साडी नेसायची, निळा झेंडा घेऊन बाजारातून गाणी म्हणत जायचं, आणि झेंडा धरून पुढे तू. तू इथं आल्यापासून तूच. त्या वर्षी बाया म्हणाल्या, साड्या पांढऱ्या आहेतच, पोलकी नवी होऊ देत, तूच शीव. सगळ्यांना एकाच ताग्यातलं पांढरं टू बाय टूचं कापड. आणि त्याच आठवड्यात थांब्यावर ती बाई उतरली. मोतिया रंगाची साडी, हातात कातडी बॅग, केस वर बांधलेले. पहाटेच्या गाडीनं आलेली. आपल्याकडे पाठ करून ती चहा प्यायली, मग वळली, मग बॅग उचलून बाजाराकडे चालायला लागली. मी तिच्या मागे पार वळणापर्यंत गेले. पुढून फुगा, मागून सपाट. अशी बाही मी जन्मात पाहिली नव्हती. घरी आले आणि जुन्या धोतरावर कापून बघितली. मागच्या बाजूला चुण्या न घालता सगळं कापड पुढे ओढायचं, सोपं नाही ते. पण जमलं. माझं पोलकं झालं, बायांनी बघितलं, आणि सगळ्या म्हणाल्या, आम्हालाही अशीच.

तू मात्र माझी बाही दोन बोटांनी उचललीस, मेलेला उंदीर उचलावा तशी. "बाई रातभर बाकाला टेकून बसली व्हती गो," म्हणालीस. "तिची पाठ चेपली, तिच्या बाह्या चेपल्या. आणि तू येडी ती चेप पण शिवलीस." मी म्हटलं, नाही, फॅशनच तशी आहे. तू म्हणालीस, चेप हाय. मी म्हटलं, फॅशन आहे. माझा धाकटा तेव्हा लहान होता, तो पुढे कित्येक दिवस काहीही दिसलं की म्हणायचा, चेप हाय, फॅशन हाय.

नुसती चेष्टा असती तर मी सोडून दिली असती. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सगळी पोलकी शिवून घरोघर पोचल्यावर, तू चुलीपुढे भाकरी थापता थापता म्हणालीस की उद्या झेंडा मी धरणार नाय. मला वाटलं मस्करी. तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, आम्ही मुंबईच्या बायांची सोंगं आणायला पांढरं नेसत नाय. तुझा आवाज चढला. आणि मग ते बोललीस. "आम्ही लुगडं घोट्यापतूर खाली सोडलं, तवा लोकांची बोलणी खाल्ली, मार खाल्ला. आणि तुम्ही बाह्यांचे फुगे करा."

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. महाडला तळ्यावर माणसं जमली त्या वर्षी तू पोर होतीस. गावची मोठी माणसं तिथून निरोप घेऊन आली की आता आपल्या बायकांनी गुडघ्यावर लुगडं नेसायचं नाही, हातापायातली ती जड कडी काढून टाकायची, चारचौघींसारखं अंगभर नेसायचं. तू आणि तुझ्या मैत्रिणींनी दुसऱ्याच दिवशी लुगडी खाली सोडली आणि नदीवर गेलात. नदीवर काय झालं ते तू कधी पुरतं सांगितलं नाहीस. तुझ्या डाव्या भुवईतली खूण बघून मी काय ते समजले.

पण त्या दिवशी मलाही राग आला होता. तू धरला नाहीस तर म्हाताऱ्या निघणार नाहीत, म्हाताऱ्या नाहीत तर नव्या सुना घराबाहेर पडणार नाहीत, आणि बाजारातली माणसं म्हणणार, झालं, संपलं ह्यांचं. कुणाकडे दुसरं धड पोलकंही नव्हतं. मी विचारलं, तू लुगडं खाली सोडलंस तेव्हा तुझी आये काय म्हणाली होती? तू भाकरी उलटलीस. मग म्हणालीस, "चिखलात लोळवशील म्हणाली."

"आणि मग?"

"मग काय. लोळवलं."

मला हसू आलं, तुला आलं नाही. झेंडा धरणार नाही म्हणजे नाही. मी म्हटलं, मग आम्ही आमचा धरू. आणि आये, ते मी अजूनही तसंच म्हणेन. मी तेव्हा दोन मुलांची आई होते, मशीन माझं होतं, हात माझे होते. गुडघ्यावरचं लुगडं खाली सोडायला धीर लागतो तसा सपाट बाही फुगवायलाही लागतो, थोडा कमी, पण लागतो. आपल्याला अंगभर नेसायचा हक्क मिळाला तो काय कायम एकाच तऱ्हेनं नेसायला? ज्यांना कुणी कधी अडवलं नाही त्या बाया दर सणाला नवं काहीतरी काढतात आणि त्यांना कुणी सोंग म्हणत नाही. आपणच तेवढं साधं राहायचं, हे कुणी ठरवलं? हे सगळं मला त्या दिवशी बोलायचं होतं. तेव्हा सुचलं नाही, चूल पेटवताना, पाणी भरताना नंतर सुचत गेलं.

सकाळी मी उठले तर तू घरात नव्हतीस. तुझं पांढरं लुगडं दोरीवर नव्हतं. वाटलं, तुडीलला निघून गेलीस. माझ्या चुलत सासूच्या हातात झेंडा दिला. तिचा हात थरथरायचा, त्यामुळे वारा नसताना झेंडा छान फडफडत होता. म्हाताऱ्या कुरकुरल्या, पण बाह्या घातलेल्या सुनांनी त्यांना मध्ये घेतलं आणि आम्ही निघालो. ओढा ओलांडला, सडकेला लागलो. ट्रकवाल्यांनी वेग कमी केला. बाजार सुरू झाला तसं गाणं थोडं बारीक झालं, ते दरवर्षी होतं, पण ह्या वेळी प्रत्येकीला आपल्या बाह्या दिसत होत्या. दोन्ही अंगांना दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं. आम्ही मधून. परवा ती फळी बघितली तेव्हा मला तोच रस्ता दिसला बघ. आमच्याही तोंडावर हसू नव्हतं.

कापडाच्या दुकानाच्या पायरीवर दुकानदाराची बायको उभी होती आणि तिच्या शेजारी ती, मोतिया साडीवाली. त्यांचीच पाहुणी निघाली. आंघोळ करून, इस्त्री करून उभी. दुकानदाराची बायको म्हणाली, ह्यांना कशाला हव्यात असल्या बाह्या. ती काही हळू बोलली नाही, ऐकू यावं म्हणूनच बोलली. आणि पाहुणीनं तोंडाला पदर लावला. "अगंबाई, ही तर माझी बाही," म्हणाली. "आणि तीसुद्धा चेपलेली."

गाणं बंद पडलं. माझ्या पुढची सून मागे वळून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, रस्त्यानं मला पोटात घ्यावं. झेंडा खाली यायला लागला. तेव्हा पायरीच्या खालून, माणसांच्या गर्दीतून तुझा आवाज आला. तू शेतातल्या वाटेनं आमच्या आधी येऊन तिथं उभी होतीस. आमच्यात चालायचं नाही, पण बघितल्याशिवाय राहवायचंही नाही, दुसरं काय. खणाची चोळी, पांढरं लुगडं, हातात काही नाही. तू वर त्या पाहुणीकडे बघितलंस, काकडी हवी का विचारताना बघायचीस तसं.

"चेपलेली नाय बाय," म्हणालीस. "ती तशीच असते. तुमच्याकडं अजून आली नसंल."

पाहुणीचा पदर तोंडावरच राहिला. तिनं स्वतःच्या बाहीकडे बघितलं, आये, मी पाहिलं, तिनं खरंच मान वळवून आपल्या बाहीकडे बघितलं. मागून कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळ्याच. तू चुलत सासूच्या हातातून झेंडा घेतलास आणि पुढे झालीस, आणि ते गाणं तू जिथून उचललंस ते बाजार संपेपर्यंत खाली आलं नाही. पुढच्या दिवाळीत बाजारातल्या दोन बाया वाडीच्या वाटेला येऊन मला विचारत होत्या, ती पुढून फुग्याची बाही तूच शिवतेस का. मी म्हटलं, आधी घरात या, माप घ्यावं लागेल.

घरी आल्यावर मला वाटलं तू काही बोलशील. तू लुगडं बदललंस, चुलीत लाकडं सारलीस, आणि म्हणालीस, बाही वाईटच हाय. एवढंच. पुन्हा तो विषय नाही. जायच्या आधीच्या उन्हाळ्यात तेच पांढरं लुगडं मला दिलंस, घडी करून, विटकं झालेलं पण मऊ. म्हणालीस, तुझ्या घरात पोर झाली की ह्याचं झबलं शीव, आणि बाह्या साध्या ठेव. माझ्या घरात पोर व्हायला वेळ लागला. मला दोन्ही मुलगेच, मोठ्याला पहिला मुलगा, आणि मग ही. आता चालते, पळते, एका जागी ठरत नाही. तुझी भुवई घेऊन आलीय, खुणेशिवाय.

काल मी लुगडं कापलं, येताना ते आणि मशीन दोन्ही बरोबर आणलंय. कात्री लावताना थोडी थांबले, पण लावली. झबल्याचं वय गेलं, झगा शिवला. बाह्या साध्या नाहीत. पुढून फुगा, मागून सपाट, तीच, चुण्या मोजून घातल्या. तू रागावलीस तर रागाव. आज सकाळी तिनं तो घातला आणि परवा टीव्हीत बघितलेलं तिच्या डोक्यात राहिलं होतं, ती ओट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली, कंबरेवर हात ठेवला, तोंड फुगवलं, वळली आणि आपटली. उठली आणि पुन्हा चालली. शेजारच्या बाईनं कुंपणावरून विचारलं, अगं हिची बाही मागून चेपली की काय. मी म्हटलं, ती तशीच असते, तुमच्याकडं अजून आली नसेल. बोलले आणि मला तुझा आवाज माझ्या तोंडातून ऐकू आला, आणि मी एवढी हसले की सून आतून धावत आली.

तर आये, तू त्या पाहुणीला सांगितलंस ते खरं झालं. इतक्या वर्षांनी पोचली त्यांच्याकडे, फळीवरून चालत. तुला हे कळायला हवं होतं. हा कागद कुठे टाकायचा ते मला माहीत नाही, मुलाला विचारलं तर तो वाचून बघेल, म्हणून मशीनच्या खणात, बॉबिनखाली ठेवते.

एक राहिलं. त्या दिवशी पायरीवर ती इस्त्री करून उभी होती ना, तेव्हा मी तिची बाही नीट बघितली. गोल होती, पुढून आणि मागून सारखी. चेपच होती गो.